‘नाइट चालेल का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर

मी नर्स आहे. माहेर नंदुरबार जिल्ह्यातलं, जीएनएम धुळ्याला केलं आणि लग्नानंतर सुरतेला आले. तेव्हापासून इथेच खाजगी हॉस्पिटलांत नोकरी. गेली काही वर्षं सुपरवायझर आहे, त्यामुळे इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. तो प्रत्येक हॉस्पिटलमध्ये विचारतात, आणि आपण बहुतेक जणी त्याचं उत्तर खोटं देतो.

२००७ ची गोष्ट. मुलगी दोन वर्षांची होती. मिस्टर डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये, बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. गुजरात नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नुकतीच हातात आली होती. दोन ठिकाणी ‘मूल लहान आहे’ म्हटल्यावर ‘कळवतो’ म्हणाले आणि कळवलंच नाही. तिसऱ्या ठिकाणी मेट्रननी विचारलं, “नाइट फावशे ने, बेन?” मी एका श्वासात सांगितलं, “कोणतीही शिफ्ट चालेल मॅडम. चोवीस तास.” नोकरी मिळाली. घरी पेढे आले.

रातपाळीच्या आठवड्यात माझीही नाइट लागली, तर मुलगी शेजारच्या काकूंकडे झोपायची. दोन महिने निभावलं. मग एका संध्याकाळी काकू भाचीच्या लग्नाला गावी गेल्या आणि मिस्टरांची पाळी ऐन वेळी बदलली. सहा वाजता मी वॉर्डात फोन केला. म्हटलं, ताप आलाय.

माझ्या जागी कोण थांबलं? दुपारी दोन वाजता आलेली केरळची सिस्टर. तिने दोन ते आठ केली आणि पुढे रात्री आठ ते सकाळी आठ. सलग अठरा तास. सकाळी साडेसहाला तिने एका आजोबांना इन्शुलिन दिलं आणि चार्टवर सही करायची राहिली. सातला परत सिरिंज भरून त्यांच्याच बेडपाशी उभी. आजोबा जागे होते म्हणून बरं. ते म्हणाले, “बेन, हमणां तो आप्युं.”

दुसरा डोस गेला असता तर साखर किती खाली गेली असती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. चूक झाली असती तर चौकशी तिची झाली असती. माझी नाही. मी तर तापाने घरी होते.

तीन-चार आठवड्यांनी मी तिला खरं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, “पहले बोलती तो अदला-बदली कर लेते.” तिला नाइट हव्याच असायच्या. सलग नाइट करून सुट्ट्या जोडायच्या आणि गाडीने घरी जाऊन यायचं, असा तिचा हिशेब. माझी अडचण दर दुसऱ्या आठवड्यापुरती होती आणि तिचा उपाय शेजारच्याच बेडवर उभा होता. आम्ही दोघींनी इन्चार्ज सिस्टरना सांगून ड्यूटी लिस्ट तशी लावून घेतली. पुढची दोन वर्षं मी एकही नाइट चुकवली नाही.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघू. ‘नाइट चालेल का’ विचारणारी बाई तुमची निष्ठा तपासत नसते. ती मनात बेरीज करत असते. एक वॉर्ड धरा. सकाळी तीन सिस्टर, दुपारी तीन, रात्री दोन. महिन्याच्या ३० रात्री म्हणजे ६० नाइट. स्टाफ दहा जणांचा असेल तर प्रत्येकीला ६ येतात. दोघींनी नाइटला नाही म्हटलं की उरलेल्या आठ जणींवर साडेसात. कुणी आजारी पडलं, कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं की आणखी वाढतात. म्हणून ‘नाही’ ऐकायला तिला जड जातं. पण ‘कोणतीही चालेल’ म्हणून संध्याकाळी सहाला फोन करणारी सिस्टर तिला त्याहून महाग पडते. ‘नाही’ म्हणणारीची जागा ड्यूटी लिस्ट करतानाच भरता येते. ऐन वेळच्या फोनला उपाय एकच, हातातल्या सिस्टरला थांबवून घेणं.

मग उत्तर द्यायचं कसं?

पहिली गोष्ट, इंटरव्ह्यूच्या आधी घरात बसून हिशेब करा. नवरा, सासूबाई, आई, शेजारीण, ज्यांच्या जिवावर तुम्ही ‘हो’ म्हणणार आहात, त्यांना आधी विचारा. महिन्यात किती नाइट जमतील, कोणत्या आठवड्यात, हे कागदावर लिहा.

दुसरी, काय जमतं ते आधी सांगा. “नाइट जमणार नाही” याऐवजी माझं त्या वेळचं खरं उत्तर असं असायला हवं होतं: “मॅडम, महिन्याला सहा-सात नाइट नक्की करेन. मिस्टरांची पाळी आठवड्याने बदलते, म्हणून त्यांच्या दिवसपाळीच्या आठवड्यात लावल्या तर एकही चुकणार नाही.” बघा, यात नकार कुठेच नाही.

तिसरी, नाइट खरोखरच जमत नसेल तर सांगून टाका आणि जिथे नाइट नसते ती जागा मागा. ओपीडी, लसीकरण, डे केअर, बऱ्याच ठिकाणी डायलिसिस. फिट्स येणाऱ्या माणसाला जागरण धोक्याचं असतं. अशा कारणाला डॉक्टरांचं पत्र जोडा. नाइट अलाउन्स जाईल, हे धरून चाला.

चौथी, तुम्हीही विचारा. सलग किती नाइट असतात? नंतर नाइट ऑफ किती? ड्यूटी लिस्ट किती दिवस आधी लागते? आपसात बदलता येते का? रात्री वॉर्डात किती पेशंटमागे किती सिस्टर? रात्री आठला येण्यासाठी गाडी आहे की रिक्षा शोधायची? डबल ड्यूटीचे पैसे मिळतात की सुट्टी? हे विचारल्याने कुणी उद्धट ठरत नाही. काम माहीत असलेली माणसंच असे प्रश्न विचारतात. आणि जे कबूल झालं ते नेमणूक पत्रात लिहून मागा. मेट्रन बदलतात, तोंडी शब्द त्यांच्याबरोबर जातो.

एक कबुली देते. सुपरवायझर झाल्यावर मीही सुरुवातीला विचारायचे, “मुलं किती? कोण सांभाळतं?” एकदा एक ब्रदर आणि एक सिस्टर पाठोपाठ आले. दोघांनाही वर्षाच्या आतलं मूल. तिला मी विचारलं, त्याला विचारायचं सुचलंही नाही. ती गेल्यावर माझं मलाच कळलं. तेव्हापासून सगळ्यांना एकच प्रश्न विचारते: “महिन्याला किती नाइट नक्की धरू?” तुम्हाला मुलाबाळांचं विचारलं, तर भांडू नका, पण घरची सगळी कहाणीही सांगत बसू नका. “घरची व्यवस्था झाली आहे, महिन्याला एवढ्या नाइट करेन,” एवढं पुरतं.

खरं बोलून प्रत्येक ठिकाणी नोकरी मिळेल, असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी नकार येईल. घरभाडं भरायचं असतं, तेव्हा तो नकार झोंबतो. मी स्वतः दोनदा झेललाय. पण ज्या हॉस्पिटलला सहा नाइटचं खरं उत्तर नको असतं, तिथे सातवी, आठवी आणि डबल ड्यूटीही तुमच्याच वाट्याला येणार असते.

त्या केरळच्या सिस्टरला ती सकाळ आजही आठवते. मध्यंतरी फोनवर म्हणाली, तेव्हापासून इन्शुलिन दिल्यावर सही केल्याशिवाय ती बेड सोडत नाही. मी काही बोलले नाही. त्या सकाळी ज्या बेडपाशी मी असायला हवं होतं, तिथे ती होती.

इंटरव्ह्यूला निघताना एवढं लक्षात ठेवा. तुम्ही ‘हो’ म्हणता ते फक्त मेट्रनला नाही. दुपारी दोनला येऊन रात्री आठला घरी जाण्याची वाट बघणाऱ्या सिस्टरलाही म्हणत असता.