अफू : उतारा आणि बंधन

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सेलू हें तालुक्याचें गांव आहे. बोर नदीच्या आसपासचा हा मुलूख कापसाचा. वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटी बांधून, उन्हांत वांकून, ओळीमागून ओळ पुढें सरकणाऱ्या बाईला सायंकाळीं काय दुखतें असें विचारलें, तर ती एका अवयवाचें नांव सांगूं शकणार नाहीं. सगळेंच अंग दुखत असतें. घरीं पोंचल्यावर चूल तिची वाट पाहात असते, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच शेत. अफू, गांजा, तंबाखू, दुखण्यावरची गोळी या वस्तूंचा विचार शहरांतील दिवाणखान्यांत बसून करतांना ही सायंकाळ डोळ्यांपुढें असलेली बरी. एरव्हीं व्यसन म्हणजे रिकाम्या लोकांचें चाळे असा सोपा समज होतो, आणि उपाय चुकतो.

सेलूहून सेवाग्राम लांब नाहीं. गांधीजी १९३६ सालीं तेथें राहावयास आले, आणि १९४१ च्या अखेरीस त्यांनीं 'रचनात्मक कार्यक्रम' ही छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यांतील दारूबंदीच्या प्रकरणांत दोन गोष्टी अशा आहेत, कीं व्यसनावर व्याख्यानें देणारे लोक त्या बहुधा विसरतात. दारुड्याला आणि अफूबाजाला त्या फासांतून सोडविण्याचे मार्ग शोधणें हें वैद्यकी करणारांचें काम आहे, ही पहिली. थकलेल्या मजुराला अंग टेकावयास, स्वस्तांत सकस कांहीं खावयास आणि चार खेळ खेळावयास जागा मिळाली पाहिजे, ही दुसरी. म्हणजे नशेच्या मुळाशीं थकवा आहे हें त्यांनीं ओळखलें होतें. वर्धा जिल्ह्यांत १९७४ पासून दारूबंदी आहे. तिनें किती साधलें हा वाद निराळा. पण एका नशेला कायद्यानें दार लावलें, तरी थकव्याला दार लागत नाहीं.

दिवाळींत अनारशाला जी खसखस लावतात ती अफूच्याच झाडाचें बी होय. त्या बियांत मादक द्रव्य जवळजवळ नसतें. गृहिणींनीं घाबरण्याचें कारण नाहीं. मादकपणा असतो तो बोंडाच्या चिकांत. हिरव्या बोंडावर बारीक चिरा पाडतात. रात्रभरांत पाझरलेला पांढरा चीक सकाळपर्यंत तपकिरी व घट्ट होतो, आणि तो खरवडून घेतात. हीच अफू. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश यांच्या कांहीं भागांत सरकारी परवान्यानें तिची लागवड होते, आणि सगळा माल सरकारलाच द्यावा लागतो. गाझीपूर आणि नीमच येथें सरकारचे अफूचे कारखाने आहेत. एकोणिसाव्या शतकांत मात्र माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जात असे, आणि मुंबईच्या कित्येक नामांकित व्यापाऱ्यांचें वैभव त्या काळ्या पेट्यांवर उभें राहिलें. व्यसन दुसऱ्या देशांत होतें, म्हणून येथें त्याची लाज वाटली नाहीं.

या चिकांतील मुख्य द्रव्य सेर्ट्युर्नर नांवाच्या एका तरुण जर्मन औषधकारानें १८०४ च्या सुमारास वेगळें काढलें. तेंच मॉर्फीन. पुढें १८३२ मध्यें कोडीन मिळालें. खोकल्याच्या कित्येक औषधांत तें घालतात. मॉर्फीनवर रासायनिक क्रिया करून केलेलें हेरॉईन १८९८ पासून बायर कंपनीनें खोकल्यावरचें नवें औषध म्हणून विकलें. मॉर्फीनप्रमाणें याची संवय लागत नाहीं, अशी त्या वेळीं समजूत होती! अफूच्या इतिहासांत ही समजूत पुन्हां पुन्हां भेटते. प्रत्येक नवें रूप आधींच्यापेक्षां निरुपद्रवी म्हणून घरांत येतें.

महाराष्ट्रांतील याचें सर्वांत करुण उदाहरण म्हणजे बाळागोळी. बाळगुटी आणि बाळागोळी यांत घोटाळा होऊं नये. बाळगुटींत वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा अशा वस्तूंचे वळसे उगाळतात. बाळागोळींत अफू असे. मुंबईच्या गिरणींत कामाला जाणारी आई सकाळीं तान्ह्याला ती गोळी चाटवीत असे, म्हणजे पोर दिवसभर निपचित पडून राही. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबईच्या कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची व मुलांची पाहणी डॉ. बार्न्स या स्त्रीवैद्यांनीं केली, तेव्हां गिरणींतील बहुतेक सगळ्या आया मुलांना अफू देतात असें आढळून आलें. त्या आयांना दोष देणें सोपें आहे. परंतु गिरणीशेजारीं पाळणाघर नाहीं, घरीं सांभाळावयास म्हातारें माणूस नाहीं, आणि खाडा झाला तर मजुरी बुडते, अशा स्थितींत त्या गोळीनेंच पाळणाघराचें काम केलें. मूल रडत नाहीं याचा अर्थ तें सुखी आहे असा नव्हता. त्याची भूक मेलेली असे, पोट बांधलेलें असे, अंग सुकत जाई, आणि मात्रा जराशी अधिक झाली तर श्वासच थांबे.

श्वास कां थांबतो, हें समजल्यावांचून पुढचें समजणार नाहीं. मनुष्याच्या मेंदूंत आणि मज्जारज्जूंत अशीं कांहीं ग्रहणस्थानें आहेत, कीं अफूचें द्रव्य त्यांत कुलुपांत किल्ली बसावी तसें बसतें. १९७३ मध्यें तीं शास्त्रज्ञांनीं प्रयोगानें दाखविलीं, आणि दोन वर्षांनीं त्या कुलपांची शरीराची स्वतःची किल्लीही सांपडली. दुखापत झाल्यावर शरीर स्वतःच थोडा उतारा तयार करतें. बाहेरची अफू हेंच काम अनेक पटींनीं करते. वेदना दूर सरते, काळजी विरघळते, खोकला थांबतो, आंतडीं मंदावतात, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात. आणि श्वासाची लय राखणारें मेंदूंतील केंद्र गुंगूं लागतें. बरोबर दारू किंवा झोंपेची गोळी घेतली असेल तर हा धोका फार वाढतो.

हीच मात्रा रोज मिळूं लागली कीं शरीर तिला सरावतें. काल एका गोळीनें जें साधलें त्याला आज दीड लागते. मग गोळी चुकली म्हणजे दाबून ठेवलेलें सगळें उलटून येतें : जांभया, डोळ्यांनाकांतून पाणी, अंगावर कांटा, पोटांत मुरडा, जुलाब, हाडांत ठणका, रात्रभर तळमळ. येथवर आल्यावर मनुष्य सुखासाठीं अफू घेत नसतो. नुसतें धड उभें राहतां यावें म्हणून घेत असतो. शेजाऱ्यांना ही त्याची चैन वाटते.

आजच्या सेलूंत किंवा कोणत्याही गांवांत धोका बहुधा अफूच्या गोळीच्या रूपानें येत नाहीं; औषधाच्या पट्टींतून येतो. ट्रामाडॉल हें कारखान्यांत तयार झालेलें वेदनाशामक आहे, पण त्याची किल्ली त्याच कुलुपांत बसते. १९६२ मध्यें तें जर्मनींत तयार झालें. भारतांत २०१८ पासून तें अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आहे. कंबरदुखीसाठीं शेजारणीनें दिलेली गोळी, खोकल्यासाठीं चिठ्ठीवांचून आणलेली कोडीनची बाटली, हे आजचे मार्ग होत. लहान मुलांना कोडीन देऊं नये. कांहीं मुलांच्या यकृतांत त्याचें मॉर्फीन फार झपाट्यानें होतें आणि त्यांचा श्वास मंदावतो.

वनस्पति आहे म्हणजे सौम्य आहे, हा दुसरा भ्रम. थायलंड-मलायाकडे क्रेटम नांवाचें एक झाड होतें. तेथील मजूर उन्हांत काम रेटतां यावें म्हणून त्याचीं पानें चघळीत आले. थायलंडनें १९४३ मध्यें त्यावर बंदी घातली आणि २०२१ मध्यें ती उठविली. तें पान थोडें घेतल्यास हुशारी आणतें, अधिक घेतल्यास अफूप्रमाणें वागतें, आणि रोज घेणारा तें सोडूं पाहील तर त्याचेंही अंग मोडून येतें. आतां त्याची पूड नैसर्गिक औषधि म्हणून दूरदेशीं विकली जाते. विदर्भांतील खऱ्र्याचें रसायन निराळें, कारण त्यांत तंबाखू आहे. पण कामाच्या रेट्यांत तोंडांत कांहींतरी धरून दिवस काढावयाची युक्ति तीच.

आतां दुसरी बाजू, आणि ती तितकीच गंभीर आहे. हाडांपर्यंत पोंचलेल्या कर्करोगानें विव्हळणाऱ्या रोग्याला मॉर्फीनइतका भरंवशाचा आधार क्वचितच दुसरा असतो. असें असतां जो देश स्वतः अफू पिकवितो त्याच देशांत असंख्य रोगी तिच्यावांचून तळमळत मेले. १९८५ चा कायदा इतका कडक होता कीं दवाखाने मॉर्फीन ठेवण्यासच भीत. २०१४ मध्यें तो सुधारून ही वाट थोडी मोकळी केली गेली. केरळांत डॉ. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून हें काम करीत आले आहेत. पण कायद्याइतकीच घरांतली भीतिही आडवी येते. डॉक्टर मॉर्फीन लिहून देतात, आणि मुलगा म्हणतो, "बाबांना व्यसन लागेल." ज्याच्या आयुष्याचे थोडेच महिने उरले आहेत त्याला रात्रीची झोंप नाकारण्याचें हें कारण फारच दुबळें आहे. शरीर औषधाला सरावणें आणि मन त्याचें गुलाम होणें या दोन भिन्न अवस्था आहेत. वेदनेच्या मापानें, ठरल्या वेळीं, वैद्याच्या देखरेखीखालीं दिलेल्या मॉर्फिनानें पहिली अवस्था येऊं शकते. दुसरी अशा रोग्यांत विरळा.

जो फासांत सांपडला आहे त्याच्याविषयीं घरच्यांनीं एक गोष्ट जाणून ठेवावी. त्याला खोलींत कोंडून एका दिवसांत सोडविणें ही शूरपणाची रीत वाटते, परंतु ती घातक ठरूं शकते. महिना-दोन महिने औषध सुटल्यावर शरीराचा सराव उतरलेला असतो. अशा वेळीं मोह होऊन त्यानें पूर्वीचीच मात्रा घेतली, तर तीच प्राण घेते. म्हणून डॉक्टर ब्युप्रेनॉर्फीनसारखें औषध देऊन ओढ शांत ठेवतात आणि मात्रा सावकाश उतरवितात. कित्येकांना तें औषध वर्षानुवर्षें चालू ठेवावें लागतें, आणि त्यांत हार कांहीं नाहीं. अधिक मात्रा होऊन श्वास मंदावला असेल तर नालोक्झोन हें द्रव्य ती किल्ली कुलुपांतून हुसकून लावतें. मात्र त्याचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून रोग्याला रुग्णालयांत नेलेंच पाहिजे. पोलिसांची भीति बाळगणाऱ्यांना हेंही ठाऊक असावें, कीं थोड्या मात्रेच्या गुन्ह्यांत सांपडलेला व्यसनी स्वतः होऊन मान्य संस्थेंत उपचार घेईल आणि ते पुरे करील, तर त्याच कायद्याच्या ६४-अ कलमानें त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. सेलूच्या मनुष्याला यासाठीं मुंबई गांठावयास नको. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकारांचा विभाग आहे, आणि केंद्र सरकारच्या १४४४६ या क्रमांकावर दूरध्वनीनें विनामूल्य सल्ला मिळतो.