प्रसूतिगृहांतील शिकाऊ मुलीचें भय



ज्युबिलीच्या प्रसंगीं गतकाळाचें गुणगान करण्याचा प्रघात आहे. परंतु आपण मला परिचर्येविषयीं बोलावयास सांगितलें, म्हणून ज्यांच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाहीं अशा मुलींकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितें. भोर व वेल्हे या डोंगरी मुलखांतून सुइणीचें शास्त्र शिकावयास जाणाऱ्या या मुली होत. (वेल्हे तालुक्यास आतां राजगड असें नांव मिळालें आहे, पण जिभेची जुनी संवय सुटत नाहीं.)

हिरडस मावळांतील किंवा कानंद खोऱ्यांतील मुलगी बारावीपर्यंत मराठींत शिकते आणि पुढें पुण्यासारख्या शहरीं मोठ्या इस्पितळाच्या प्रसूतिविभागांत रात्रपाळीस उभी राहते. वय अठरा-एकोणीस. केसपेपर इंग्रजींत, डॉक्टरांच्या सूचना बव्हंशीं इंग्रजींत, आणि समोर वेणांनीं व्याकुळ झालेली स्त्री मात्र हिच्या आईच्याच बोलींत आक्रंदत असते. अन्य रोग्याचें दुखणें बहुधा विचारास अवधि देतें. येथें मिनिटांचा हिशेब असतो. मूल उपजतांच रडलें नाहीं, तर पहिल्या मिनिटांतच त्याच्या श्वासाची खटपट सुरू व्हावी लागते. वार पडूनही रक्त थांबलें नाहीं, तर धडधाकट बाई कांहीं तासांत दगावूं शकते. अशा ठिकाणीं शिकाऊ मुलीचे हात कांपले तर त्यांत नवल तें काय? हात न कांपणाऱ्या मुलीचीच मला अधिक काळजी वाटते.

तथापि तिच्या ताणाचें मूळ केवळ रक्त पाहण्यांत नाहीं. देशोदेशीं परिचर्येच्या विद्यार्थिनींची जी पाहणी झाली आहे, तींत त्याच गोष्टी पुनःपुन्हा आढळतात: चूक होण्याची धास्ती, रोग्यांसमक्ष ऐकावी लागणारी बोलणीं, आणि ऐन वेळीं शिक्षिका जवळ नसणें. आपल्याकडे यांत प्रात्यक्षिकाच्या वहीची भर पडते. ठराविक संख्येच्या स्वाभाविक प्रसूति आपल्या हातें केल्याची नोंद तींत असावी लागते. एका बाळंतिणीभोंवतीं तीन-चार शिकाऊ मुली आणि एखादा शिकाऊ डॉक्टर उभे असतील, तर ती प्रसूति कोणाच्या वहींत जावी? मैत्रिणी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होतात. आणि ज्या माउलीचें बाळंतपण चाललें आहे ती केवळ एक आंकडा होऊन बसते. वहींत प्रसूति मोजल्या जातात. त्या मुलीनें किती रात्रीं अन्न टाकलें, याचा रकाना तींत नसतो.

बरें, हें घरीं सांगावें तर तेथें बाळंतपणाच्या कामास अजून विटाळाचें सावट आहे. हा संकोच खेड्यापुरताच होता असें मात्र नाहीं. आपल्या धर्मभगिनींनाही सुइणीचें काम करण्यास मनाई होती. रोमच्या १९३६ च्या आदेशानें ती वाट मोकळी झाली. पुण्यांत १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें सेवासदन सुरू झालें आणि तेथील स्त्रिया ससून इस्पितळांत परिचर्या शिकूं लागल्या, तेव्हां समाजानें नाकें मुरडलींच. पण सेवासदनानें त्यांच्यासाठीं वसतिगृहही चालविलें, हें मला त्या कार्यांतील मोठें शहाणपण वाटतें. दिवसभर परक्यांत राबलेल्या बाईस रात्रीं आपलें माणूस लागतें.

शिक्षणाचा कांहीं भाग प्राथमिक आरोग्यकेंद्रांत व उपकेंद्रांत होतो. तेथें भय निराळें. बऱ्याच गरोदर बाया आतां मोठ्या इस्पितळांकडे जातात. १०८ ची गाडी २०१४ पासून धांवते आहे. त्यामुळें उपकेंद्रांत प्रसूति क्वचित् होते. पण जी होते ती नेमकी पावसांत, घाटांत दरड आलेली असतां किंवा पानशेतच्या पाण्यापलीकडील वाडीवर. पुढें अशाच ठिकाणीं आपण एकट्या असूं, हें त्या मुलीस शिकतांनाच दिसतें.

प्रसूतीच्या वेळीं बाईजवळ तिच्या विश्वासाची एक सोबतीण असावी असें जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि भारत सरकारनेंही २०१६ सालीं सरकारी इस्पितळांत तशी मुभा दिली. मग शिकणारीस सोबत कां नको? पहिल्या कांहीं प्रसूतींस शिक्षिकेचा हात तिच्या हातावर असावा. मूल मृत उपजलें, तर खोलीवर परतण्यापूर्वीं कोणी तरी तिच्याजवळ बसावें. सर्वांसमोर जिच्यावर खेकसलें जातें ती उद्यां बाळंतिणीवर खेकसते. ही परंपरा मीं अनेक वर्षें पाहिली आहे.

आपल्या धर्मग्रामांत निवृत्त परिचारिका आहेत, आणि शहरांत ज्यांचीं बिऱ्हाडें आहेत अशीं कुटुंबेंही आहेत. माझी विनंती एवढीच कीं, सुटीच्या दिवशीं एखाद्या शिकाऊ मुलीस, मग ती कोणत्याही धर्माची असो, जेवावयास बोलवावें, "रात्रपाळी कशी गेली?" असें विचारावें, आणि ती रक्ताचें बोलूं लागली तर जेवणाच्या पानावर आहों म्हणून तिला गप्प बसवूं नये.