शाळेच्या फाटकाच्या आत

(विहाराच्या वर्धापनदिनी शेवगाव येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने आम्हा निवृत्त शिक्षक मंडळींना निरोप दिला, की वर्धापनदिनी मुलांच्या शिक्षणावर बोला. शिक्षणावर बोलणे सोपे आहे. 'शिका' हा शब्द आपल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर आहे. पण शिकायला पाठवलेले लेकरू सकाळी जसे गेले तसेच संध्याकाळी घरी येते का, हे आपण फारसे विचारत नाही. आज त्यावरच बोलायचे ठरवले आहे. आणि त्या लेकराला सांभाळणारे गुरुजी, बाई, शिपाईमामा, वसतिगृहाच्या अधीक्षिका, खिचडी शिजवणाऱ्या ताई, यांच्या पाठीशी कोण उभे राहते, हाही प्रश्न आहे. हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. मास्तरांची बाजू मास्तरच घेणार, असे म्हणाल. म्हणा, पण शेवटपर्यंत ऐका.

लांबचे उदाहरण घेत नाही. आपल्याच जिल्ह्यातले, जामखेड तालुक्यातले खर्डा. २८ एप्रिल २०१४. नितीन आगे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा. मोलमजुरी करणाऱ्या आईबापाचा, गावातल्याच हायस्कूलमध्ये शिकणारा. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, या संशयावरून त्याला मारण्यात आले, असा आरोप होता. मारहाणीची सुरुवात शाळेच्या आवारात झाली, तिथून त्याला नेले, असे फिर्यादीत होते. नंतर झाडाला लटकलेला मृतदेह मिळाला. तेव्हा महाराष्ट्रभर मोर्चे निघाले, पुढारी खर्ड्याला जाऊन आले. आणि २३ नोव्हेंबर २०१७ रोजी जिल्ह्याच्या सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले. सुनावणीत साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. त्यांत शाळेतली माणसेही होती.

न्यायालयाने जे सोडले त्यांना आपण इथे विहारात बसून दोषी ठरवणार नाही, तो आपला अधिकार नव्हे. पण एक गोष्ट मनातून जात नाही. शाळा भरलेली असते, शिक्षक असतात, शिपाई असतो, शेकडो पोरे असतात. तिथल्या एका पोराचे काय झाले हे न्यायाधीशांपुढे ठामपणे सांगणारे कोणी उरत नाही. हे कसे होते?

त्यांच्या मनात काय होते ते आम्हाला माहीत नाही. पण आम्ही गावच्या शाळांत उभी हयात घालवली, त्यामुळे मास्तर कुठे अडकतो ते माहीत आहे. मास्तर त्याच गावात राहतो. किराणा त्याच गावातून, दूध त्याच गावातून. संस्थेच्या बैठकीत जे बसतात तेच ग्रामपंचायतीत, तेच सोसायटीत. त्यातून तो शिक्षणसेवक असला तर पहिली तीन वर्षे मानधनावर. हे मानधन प्राथमिकला महिना सहा हजार होते, ते २०२३ साली सोळा हजार झाले. विनाअनुदानित शाळेत तर त्याचाही भरवसा नाही. अशा माणसाला आपण सांगतो, छातीचा कोट करून उभा राहा. एकटा माणूस शूर निघाला तर त्याचे पुतळे उभारावेत. पण लेकरांची सुरक्षा एखाद्याच्या शौर्यावर सोडता येत नाही. त्याला व्यवस्था लागते.

आता व्यवस्था म्हणजे काय? फार मोठे काही नाही. बाहेरची चार माणसे आवारात शिरली की फाटक बंद करायचे, हे आधीच ठरलेले असावे. मुलाला कार्यालयात बसवून त्याच्याजवळ एक मोठे माणूस थांबेल. दुसरे माणूस ११२ ला फोन करेल. तिसरे, जे पाहिले ते त्याच दिवशी नोंदवहीत लिहील, वेळ टाकून, सही करून. ही तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. कारण दबाव त्याच दिवशी येत नाही. तो आठ दिवसांनी येतो, कोणाच्या तरी ओसरीवर चहा पिता पिता येतो. तोवर पाच जणांच्या सह्यांनिशी लिहिलेले असेल, तर फिरणे अवघड जाते आणि टिकून राहणे सोपे जाते. एकाची सही असली की तो एकटा पडतो. पाचांची असली की गाव पाचांना वाळीत टाकायला जरा विचार करते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या आठवड्यात खर्ड्याचा निकाल लागला, त्याच्याच पुढच्या आठवड्यात, २९ नोव्हेंबर २०१७ रोजी, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीच्या खटल्यात तीन जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. १३ जुलै २०१६ ला तिथल्या शाळकरी मुलीवर जे झाले ते आठवले तरी अंगावर काटा येतो. तेव्हा दोन्ही बाजूंनी जातीच्या तलवारी उपसल्या गेल्या. काही जण आपल्याला विचारायचे, तुम्ही कोणत्या बाजूचे? आमचे उत्तर तेव्हाही एकच होते. लेकराच्या बाजूचे. कोपर्डीची मुलगी आपलीच होती आणि खर्ड्याचा मुलगाही आपलाच होता. असे म्हणायला जमत नसेल, तर मैत्रीभावना फक्त वंदनेपुरती राहते.

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला उपदेश केला. त्यात शिष्याने आचार्याशी कसे वागावे हे सांगितले, तसेच आचार्याची शिष्याविषयी पाच कर्तव्येही सांगितली. शिकवणे, विद्या न लपवणे वगैरे आपल्या पाठ असते. पाचवे कर्तव्य मात्र आपण घाईत वाचून पुढे जातो. आचार्याने शिष्याला सर्व दिशांना संरक्षण द्यावे, असे ते आहे. वर्गातच नव्हे. शौचालयाकडे जाताना, मैदानात, एस. टी. स्टँडवर, सहलीच्या गाडीत. आणि राहुलाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. राहुलाला संघात घेतले तेव्हा शुद्धोदन राजा कळवळून बुद्धांकडे गेला. तेव्हापासून आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या द्यायची नाही, असा विनयाचा नियम झाला. बघा, खुद्द बुद्धाच्या संघातसुद्धा 'आमच्यावर विश्वास ठेवा, आम्ही चांगली माणसे आहोत' एवढ्यावर भागवले नाही. नियम केला. आज एखादी संस्था 'आमच्याकडे असले काही होत नाही' म्हणून चौकशी टाळते, तेव्हा हा नियम आठवावा.

परमपूज्य बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळेत बाळ भीमाला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत हे स्वतः लिहून ठेवले आहे. मुलाचे हाल ठरवणारा माणूस नेहमी हेडमास्तरच असतो असे नाही. कधी तो नळाजवळचा शिपाई असतो. म्हणून प्रशिक्षण द्यायचे तर शिपायाला, स्वयंपाकाच्या ताईला, रिक्षावाल्या काकालाही द्या. वर्षातून एकदा शिक्षकांनाच सभागृहात बसवून व्याख्यान देण्याला आम्ही प्रशिक्षण मानत नाही.

आता दुसऱ्या प्रकारचा धोका. बोलायला जड जाते, पण भगिनींनो, विहारात नाही बोलायचे तर कुठे? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन चिमुकल्यांवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप पुढे आला. तक्रार लिहून घ्यायलाच पालकांना तासन् तास बसवून ठेवले गेले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, मग सरकार हलले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २१ तारखेला शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही लावा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समिती नेमा. गंमत अशी, की सखी सावित्री समितीचा निर्णय १० मार्च २०२२ लाच निघाला होता. अडीच वर्षे तो कितीतरी शाळांत फायलीत पडून होता.

कॅमेरा लावावा, आमची हरकत नाही. पण कॅमेऱ्याचे दृश्य बहुतेक वेळा प्रकार घडून गेल्यावर पाहिले जाते. मूल ज्या बाईंजवळ जाऊन 'मला त्यांच्याकडे जायचं नाही' असे म्हणू शकते, त्या बाई आधी वाचवतात. त्या बाईंना काय माहीत असायला हवे ते थोडक्यात सांगतो. २०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, असे म्हणतो, की कळले तर पोलिसांना कळवणे ही प्रत्येकाची सक्ती आहे. नाही कळवले तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. पण हाच कायदा पुढे म्हणतो, की जो प्रामाणिकपणे कळवतो त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही. हे दुसरे कलम किती मुख्याध्यापकांनी आपल्या शिक्षकांना वाचून दाखवले आहे? भीती दाखवणारे कलम सगळ्यांना पाठ, आणि आधार देणारे कलम कोणाला माहीत नाही!

आईवडिलांसाठीही त्यात आहे. मुलाचा जबाब पोलीस ठाण्यातच झाला पाहिजे असे नाही, घरी किंवा मुलाला बरे वाटेल तिथे घेता येतो. शक्यतो महिला अधिकारी, अंगावर गणवेश नाही, आणि विश्वासाचे माणूस जवळ. मुलाचे नाव, शाळा, घर कुठेही छापायचे नाही. आपल्या पोरांनो, मोबाईलवर फोटो फिरवणारेही त्यात आले, हे ध्यानात ठेवा. आणि १०९८ हा मदतीचा नंबर चोवीस तास चालू असतो. तो मुलांना पाठ करून द्या. पाढे पाठ होतात, तर चार आकडे का नाही होणार?

आपल्या तालुक्याची एक अडचण मुंबईच्या साहेबांना लवकर समजत नाही. कारखाने सुरू झाले की शेवगाव-पाथर्डीकडची कितीतरी घरे कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की घराला कुलूप, ते पार उन्हाळ्यापर्यंत. मुले एकतर फडावर जातात, नाहीतर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आजीला दिसत कमी, ऐकू येत कमी. मग त्या पाच-सहा महिन्यांत लेकराच्या चेहऱ्याकडे रोज नीट पाहणारे मोठे माणूस कोण? वर्गशिक्षक. तोही दोनशिक्षकी शाळेत, चार वर्ग सांभाळून, वर माहिती भरण्याची कामे, निवडणुकीची कामे. पोर गप्प झाले, पोर डबा खात नाही, पोर शेवटच्या बाकावर सरकले, हे दिसायला डोळ्यांना सवड लागते. ती सवड आपण शिक्षकाकडून काढून घेतली आणि मग विचारतो, तुमचे लक्ष कुठे होते?

एका शाळेतली हकीकत सांगतो, गाव-नाव सांगत नाही. बाईंनी एका मुलीचे म्हणणे ऐकले आणि लेखी तक्रार केली. दुसऱ्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याशी कोणी बोलेना. 'शाळेची बदनामी केली' हे वरून. त्यांच्या मदतीला शेवटी कोण आले? वस्तीवरच्या सात-आठ आया. रोज मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन बाईंशेजारी बसायच्या, डबा खायच्या, आणि काही न बोलता परत यायच्या. महिनाभर. त्यानंतर त्या बाईंना त्रास द्यायची कोणाची छाती झाली नाही.

सावित्रीमाईंचेही आठवा. आपल्याच नगरात मिस फॅरारच्या मुलींच्या शाळा जोतीरावांनी पाहिल्या होत्या, मग १८४८ ला पुण्यात शाळा काढली. शिकवणाऱ्या बाईला लोकांनी छळले आणि घर सोडायची वेळ आली, तेव्हा उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली. त्या घरामुळे शिकवणे चालू राहिले.

आता साक्षीदारांचे. खर्ड्याच्या वेळी जी सोय नव्हती ती आता कागदावर तरी आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ ला दुरुस्ती होऊन पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात अशी योजना करणे प्रत्येक राज्याला बंधनकारक केले आहे. अर्ज मात्र करावा लागतो. अर्ज कसा करायचा हे सांगणारा वकील आपल्या समाजात आता प्रत्येक तालुक्याला आहे. त्याने वर्षातून एक रविवार विहाराला द्यावा.

आणि आपल्या स्वतःच्या घरचेही थोडे. 'गुरुजी, चांगला बदडा, पण शिकवा', असे सांगणारे बाप अजून आहेत. २०१० पासून शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायला कायद्याने बंदी आहे. मोठ्या माणसाने मारले तरी गप्प बसायचे, हेच पोराला शिकवले, तर उद्या मोठे माणूस नको तिथे हात लावील तेव्हा ते बोलेल कसे?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या बायका असतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. आपल्या किती आया तिथे जातात? का सही घरी येते आणि अंगठा उठतो?

महिला मंडळाने एक वही केली आहे. आपले मूल कोणत्या शाळेत, तिथल्या समितीवर आपल्यातले कोण, सखी सावित्री समिती आहे की नाही, तक्रारपेटी कोण आणि कधी उघडते, एवढे चार रकाने आहेत. भोजनदान झाल्यावर वही दाराजवळ ठेवलेली असेल. ज्यांना माहीत नाही त्यांनी रकाना कोरा ठेवून नाव तेवढे लिहावे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही त्या कोऱ्या रकान्यांच्या शाळांत विचारायला जायचे कसे आणि कोणी, ते ठरवायला बसणार आहोत. सोबत यायचे असेल त्यांनी नावापुढे खूण करावी.

जयभीम! नमो बुद्धाय!