मोठे काळीज



'मोठ्या काळजाचा माणूस' ही आपल्या भाषेत स्तुती असली, तरी पाच महिन्यांच्या अर्भकाचे हृदय क्ष-किरणचित्रात बहुतेक छाती व्यापून बसलेले दिसले, की वैद्याच्या पोटात गोळा उठतो. खाटिकाकडे कलेजी मागावी तर तो यकृत बांधून देतो, म्हणजे काळीज कोणते याविषयीच आपला घोळ आहे, आणि समोरच्या रांगेतील हशावरून हा व्यवहार बऱ्याच जणांच्या परिचयाचा दिसतो.

त्या अर्भकाचे हृदय का वाढते, ते पाहू.  पेशीच्या कचेरीत लायसोसोम नावाचे रद्दीचे दालन असते. तेथे जमा होणाऱ्या ग्लायकोजेनचा निकाल लावण्याचा अधिकार एका विशिष्ट विकराकडे असतो, आणि आईबाप दोघांकडून सदोष जनुक आल्यामुळे तो अंमलदारच गैरहजर राहिला, म्हणजे दफ्तर साचत जाऊन हृदयाच्या भिंती फुगतात व आतली पोकळी आक्रसते. हा पाँपे रोग. माझे गाऱ्हाणे एवढेच, की हे हृदय दुबळे नसून तुंबलेले असते. तरीही थोरल्या हृदयाला डिगॉक्सिन आणि लघवी वाढवणारी औषधे सवयीने दिली जातात, आणि रक्ताला बाहेर पडण्याची वाटच अरुंद झाली असेल तर त्यांनी कोंडी वाढते. उमेदवारीत मीही ते केले आहे.

योहानेस पाँपे या डच विकृतिशास्त्रज्ञाने सात महिन्यांच्या एका मुलीच्या हृदयाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा स्नायूची वीण जाळीसारखी विरलेली दिसली, आणि त्या भोकांत ग्लायकोजेन भरले होते. हे त्याने १९३२ साली प्रसिद्ध केले. पुढे जर्मनांनी हॉलंड व्यापले असता हाच गृहस्थ भूमिगत चळवळीत शिरला, प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या आडोशाला त्याने बिनतारी प्रक्षेपक दडवला, पकडला गेला आणि १५ एप्रिल १९४५ रोजी, हॉलंड मुक्त होण्यास तीन आठवडेही उरले नसताना, गोळ्या घालून मारला गेला. मोठे काळीज म्हणायचे ते याचे! पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे म्हणतात. विषयाकडे वळतो.

उणे असलेले विकर बाहेरून देता येते. १९९९ साली रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी मानवी जनुक घातलेल्या सशांच्या दुधातून ते काढून चार अर्भकांना शिरेवाटे दिले, आणि हृदयाच्या भिंती उतरू लागल्या. २००६ साली हॅमस्टरच्या पेशींत तयार केलेल्या औषधाला मान्यता मिळाली. विकराच्या रेणूवर मॅनोज-६-फॉस्फेटचा शिक्का असेल तरच पेशी त्याला आत घेते. हृदय हे टपाल तत्परतेने उघडते. हातापायांचे स्नायू चालढकल करतात. दर पंधरवड्याला, जन्मभर, वजनाच्या हिशेबाने मात्रा. म्हणजे मूल बाळसे धरू लागले की खर्चही बाळसे धरतो. 'मग हे श्रीमंतांचे शास्त्र' असे मागून कोणी म्हणाले. मान्य, २०२१ च्या दुर्मिळ आजारांविषयीच्या सरकारी धोरणातली, २०२२ साली पन्नास लाखांवर नेलेली मदतीची मर्यादा जन्माला पुरत नाही. पण निदानासाठी टीपकागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब लागतो, त्याला श्रीमंती लागत नाही, आणि तो आधी घ्या एवढेच मी म्हणतो. आणि हो, अशा मुलाला भूल देताना—

घंटा झाली. अशाच एका मुलाच्या हृदयालेखाची एक पट्टी मी सोबत आणली आहे. तिच्यावरील लाटा इतक्या उंच आहेत की एका ओळीतल्या दुसरीत घुसल्या आहेत. पाहायची असेल त्यांनी पुढे यावे, मात्र चहाचे पेले बाहेर ठेवून.