ताई, लॉट बदलला

सभागृहातल्या मैत्रिणींनो, मित्रांनो, आणि केव्हाही उठून दुकान गाठता येईल अशा बेतानं दाराजवळची रांग धरून बसलेल्या व्यापारी बंधूंनो,

या खुर्चीसाठी माझं नाव निघालं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. मी सोनाराच्या घरातली नाही, दागिने घडवण्याचं कसलं प्रमाणपत्रही माझ्याकडे नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं घरी बसून मणी ओवते. तन्मणी, चिंचपेट्या, नथी, गौरींचा साज. सुई, तार, पक्कड आणि एक चांगला दिवा, एवढंच भांडवल. संयोजक म्हणाले, मग या धंद्यात जे खुपतं तेच बोला. खुपतं ते एकच आहे. माल कुठून घ्यायचा?

येताना मी दोन पाकिटं आणली आहेत. मागच्या रांगेतून दिसायची नाहीत, म्हणून सांगते. पहिलं माझ्या भाचीनं न्यू जर्सीहून आणलं. मावशी मणी ओवते, तर मावशीला मणीच न्यावेत, असा साधा विचार. आत ज्योतीवर काच वितळवून केलेले निळे मणी आहेत, त्यांवर पांढरे ठिपके. पाकिटावर लिहिलंय: मण्याचा आकार 10 मि.मी., वेज दीड मि.मी., नग 24, लॉट क्रमांक अमुक. आणि खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, मेड इन इंडिया.

दुसरं पाकीट बोहरी आळीतलं. पाकीट म्हणजे रबर लावलेली प्लास्टिकची पिशवी. आत तेच मणी. निळे, पांढऱ्या ठिपक्यांचे. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यात पुरदिलनगर नावाचं गाव आहे, तिथं घराघरांत काचेचे मणी होतात. हे मणी तिकडचे, असं दुकानदारानंच सांगितलं. या पिशवीवर काहीही लिहिलेलं नाही. मोजले तर आत आठाचे, दहाचे, साडेदहाचे मणी निघाले, आणि सात मण्यांचं वेज बुजलेलं.

भाचीनं त्या चोवीस मण्यांना काय मोजलं ते मी विचारलं, आणि विचारायला नको होतं असं झालं. समुद्र दोनदा ओलांडून आलेल्या त्या मण्यांत तिकडच्या विक्रेत्यानं काय घातलं? काच नाही, रंग नाही, कारागिरी तर नाहीच. त्यानं ते निवडले, मोजले आणि वर चार ओळी लिहिल्या. आपण परदेशातून मागवतो तेव्हा पुष्कळदा पैसे मोजतो ते या चार ओळींचे.

आपल्या बैठकांत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळं स्वदेशी हवं, दागिना मराठी असेल तर त्यातला मणीही इथलाच हवा. दुसरा म्हणतो, इथला माल टाकाऊ, जपानी मण्याला हात लावला की परत मागं वळवत नाही. पहिल्या तटाची मला गंमत वाटते. आपण जिला अस्सल पेशवाई नथ म्हणतो तिचे मोती बसऱ्याचे, म्हणजे इराणच्या आखातातले. पोवळं भूमध्य समुद्रातलं. इटलीत नेपल्सजवळ तोर्रे देल ग्रेको नावाचं गाव आजही पोवळ्याच्या कामावरच ओळखलं जातं. पुतळीमाळेतल्या पुतळीचं नातं तर जाणकार थेट व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याशी जोडतात. त्या नाण्यावर उभ्या माणसांच्या आकृती असायच्या. आज साध्या नथीत जे मोती जातात ते बहुतेक चीनच्या गोड्या पाण्यातले. हैदराबादी मोती म्हणून जे घेतो तेही हैदराबादला विंधून आणि ओवून निघालेले असतात. हैदराबादला समुद्र कुठाय?

हे आजचंही नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाची नोंदवही लिहून ठेवली. तिच्यात आपलं पैठण आहे आणि तेर आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड गाड्यांतून भडोचला जात, तिथून जहाजात चढत. त्याच भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळं आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा दगड बाहेर जात होता आणि रोमनांचं पोवळं आत येत होतं. तेरला कधी गेलात तर लामतुरे वस्तुसंग्रहालयातले मणी बघा. मी तासभर काचेला नाक लावून उभी होते. राखणदाराला वाटलं असेल, बाईंचं काहीतरी हरवलंय. आणखी मागं जायचं तर खंबातच्या परिसरातला अकीक भाजून लाल केलेला, लांबट पिंपासारखा मणी इराकात उर इथल्या राजघराण्याच्या थडग्यांत निघाला. त्याला साडेचार हजार वर्षं झाली.

तेव्हा माल सरहद्द ओलांडून आला म्हणून दागिना बाटत नाही. पण दुसऱ्या तटालाही मला सहज सोडायचं नाही.

जपानच्या हिरोशिमा प्रांतात नळीसारखे जे बारीक मणी होतात ते मीही मागवते. एका ग्रॅममध्ये साधारण दोनशे. एकावर एक ठेवले तर भिंत उभी राहते. रंगाला क्रमांक असतो. तोच क्रमांक तीन वर्षांनी मागवला तर तोच रंग येतो. असा मणी इथं मला मिळालेला नाही, म्हणून तो तिथून घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. पण त्याच खोक्यात स्वस्त पडतात म्हणून कड्या, आकडे, तार, साधे गोल मणी मागवायला लागलो की आपला हिशेब फसतो.

मी फसले आहे, म्हणून आकड्यांत सांगते. एकदा 3,000 रुपयांचे मणी मागवले, वाहतूक 1,900. मला वाटलं, कर बसेल तो तीन हजारांवर. तसं नसतं. सीमाशुल्क बसतं ते माल अधिक वाहतूक यांच्या बेरजेवर. त्या शुल्कावर अधिभार. आणि या सगळ्याच्या बेरजेवर पुन्हा जीएसटी. वर कुरियरवाल्यांचं हाताळणी शुल्क. खोकं घरात पडलं ते सव्वासहा हजारांच्या वर. त्यातली एक पुडी चुकीच्या रंगाची निघाली. परत पाठवायचा खर्च काढला, आणि ती पुडी डब्यात टाकून दिली. अजून तिथंच आहे. कुणाला मोरपंखी हवी असेल तर जेवणाच्या सुट्टीत मागा.

आपल्यातल्या काही जणी विक्रेत्याला खोक्यावर ‘भेटवस्तू’ लिहायला सांगतात. नावं घेत नाही. माझ्याकडे पाहून हसणाऱ्यांना कळलंय. डिसेंबर 2019 पासून परदेशातून भेट म्हणून आलेली वस्तू बिनशुल्क सोडवून घेता येत नाही. अपवाद दोनच ठेवले होते: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. ती सूचना ज्यानं लिहिली त्या अधिकाऱ्याला बहीण असणार. गमतीचा भाग सोडा, आपण कारागीर आहोत. कागदावर खोटं लिहून आणलेल्या मण्यांचं बिल गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडानं द्यायचं?

शुल्काचा दुसरा पदरही आहे. 2022 च्या अर्थसंकल्पात बाहेरून येणाऱ्या नकली दागिन्यांवर किलोमागे किमान 400 रुपये शुल्क लावलं, पुढच्या वर्षी ते 600 केलं. कारण असं की माल कवडीमोल किंमत दाखवून आत यायचा. कांद्यासारखा दागिना किलोवर तोलतात याचं मला आधी हसू आलं. मग कळलं की कागदावरची किंमत खोटी असेल तर तराजू तेवढा खरा उरतो. निर्णय मला पटला. पण तयार दागिन्याला अडवलं म्हणून इथला मणी आपोआप सुधारत नाही. ते काम सीमाशुल्क खात्याचं नाही.

आता येते ‘लॉट बदलला’कडे.

एका लग्नासाठी बारा जणींचे एकसारखे सर करायचे होते. मोत्यांच्या मधे सोनेरी मुलाम्याचे मणी. आठ झाले आणि मणी संपले. त्याच दुकानात, त्याच गल्ल्यावर गेले. मिळाले ते पिवळ्याऐवजी तांबूस. मी म्हटलं, शेठ, हे ते नाहीत. ते म्हणाले, ताई, लॉट बदलला. राग नाही, दिलगिरी नाही. पाऊस आला म्हणावं तसं. मी आठही सर उसवून नव्यानं ओवले, सहा रात्री. आणि महिनाभरानं वधूच्या आईचा फोन: मणी काळे पडताहेत. मुलामा किती जाडीचा होता? खाली पितळ होतं की लोखंड? मला माहीत नव्हतं. शेठना माहीत नव्हतं. ज्यांच्याकडून शेठनी घेतले त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

कानातल्यांचं तर याहून गंभीर आहे. आकड्यात निकेल असलं तर कित्येकींचे कान चिघळतात. युरोपात कातडीला सतत लागून राहणाऱ्या दागिन्यातून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला किती निकेल सुटलं तर चालेल याची मर्यादा कायद्यानं ठरली आहे: 0.5 मायक्रोग्रॅम. टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांडीला त्याहून कमी, 0.2. आपल्याकडे ग्रॉसवर आकडे घेताना ‘निकेल आहे का’ विचारलं की दुकानातला मुलगा म्हणतो, हवंय की नकोय? तुम्ही म्हणाल ते तो सांगतो. इथं मी परदेशी आकडे मागवले, चढ्या भावानं, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

पण म्हणून तिकडचा व्यापार सोयऱ्यासारखा जपणारा आहे असं समजू नका. ऑस्ट्रियातल्या वॉटेन्सची स्वारोव्स्की कंपनी 1895 पासूनची. 2020-21 च्या सुमाराला तिनं आपल्यासारख्या लहान कारागिरांना सुटे खडे पुरवणं बंद करायचं ठरवलं. त्याच खड्यांवर नमुने बसवलेल्या कितीजणी हात चोळत राहिल्या. नोव्हेंबर 2020 मध्ये आपल्या सरकारनं अलीएक्स्प्रेसवर बंदी घातली आणि चीनमधून पुडी-पुडीनं माल आणण्याची वाट एका संध्याकाळी मिटली. तेही ‘ताई, लॉट बदलला’च; फक्त तिथं भांडायला समोर शेठ नसतो.

समोर शेठ असण्याची किंमत मला एका दिवाळीत कळली. रात्री साडेनऊला दोन ग्रॉस फिरक्या कमी पडल्या. सकाळी सातला पार्सल जायचं होतं. ज्यांनी मला तांबूस मणी दिले होते त्यांनाच फोन केला. त्यांनी जेवणावरून उठून शटर अर्धं वर केलं, मोबाइलच्या उजेडात फिरक्या मोजल्या, आणि पैसे नंतर द्या म्हणाले. जगातल्या कुठल्या कंपनीचा जेवता माणूस माझ्यासाठी उठेल?

सरहद्दीची दुसरी बाजूही गेल्या काही काळात आपण पाहिली. 27 ऑगस्ट 2025 ला गणपती बसले आणि त्याच दिवशी अमेरिकेनं भारतीय मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला. दोन दिवसांनी 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करसूटही गेली. आपल्या टपाल खात्यानं तिकडची पार्सलं घेणंच थांबवलं, ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. गौरींचे दागिने बांधून ठेवलेली माझी तीन खोकी कपाटावर बसून राहिली. तेव्हा तिकडच्या मराठी बायकांनी मला जे विचारलं ते आपण जपानी मण्यांच्या वेळी विचारतो तेच: इथंच कुणी करून देणारं नाही का?

तर मागणी एवढीच, आणि ती दाराजवळच्या रांगेकडे आहे. शेठ, माल तुम्ही कुठूनही आणा, पुरदिलनगरहून, राजकोटहून, चीनच्या यीवूहून. पण पिशवीत एक चिठ्ठी टाका. आकार काय, वेज केवढं, खालचा धातू कोणता, मुलामा कशाचा, लॉट कितवा. ‘माहीत नाही’ असेल तर तेही लिहा. मग मी तो मणी गौरीच्या मुकुटात वापरीन, माणसाच्या कानात नाही. चिठ्ठीपायी भाव वाढला तर आम्ही देऊ. इथे बसलेल्या बायकांनो, यावर मान हलवता आहात, पण उद्या गल्ल्यावर पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. बिनचिठ्ठीचा माल आपण पंचवीस वर्षं मुकाट्यानं उचलला, म्हणून तो तसा येत राहिला.

माझ्या पिशवीत एक लहान बाटली आणि कापसाचे बोळे आहेत. डायमिथिलग्लायॉक्झिम असं लांबलचक नाव आहे. रसायनांच्या दुकानात मिळतं. ओला बोळा आकड्यावर घासायचा. गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. जेवणाच्या सुट्टीत मी त्या खिडकीपाशी बसणार आहे. ज्यांनी आपापले आकडे आणलेत त्यांनी या. शेठ, तुम्हीही या, आणि खिशात असतील तर या लॉटचे चार आकडे घेऊन या.