अँबॅसेडर आणि मस्टँग
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नव्हे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेली माणसं. बोलणार तेही गाड्यांविषयीच. आमच्या घरी बाबांची १९८६ सालची अँबॅसेडर आहे. परवा ओळखीतल्या एका मुलाने फोर्ड मस्टँग दारात आणली, म्हणून हा विषय.

आधी आकडे. अँबॅसेडरचा मूळ आराखडा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. इंजिन १४८९ सीसी, ताकद पन्नासेक अश्वशक्ती. मस्टँग भारतात २०१६ साली आली. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ताकद चारशेच्या घरात. म्हणजे आमच्या आठ गाड्या तिच्या एकटीत! गंमत अशी, की दोघींचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर. पण आमच्या गाडीला मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे. मस्टँगची मागची चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात. म्हणून वळणावर ती रस्ता धरून राहते, आमची डोलते.

मस्टँग जवळजवळ अर्धा मीटर लांब, तरी माणसं चारच; त्यातले मागचे दोघे गुडघे छातीशी घेऊन. अँबॅसेडरमधून आम्ही आठ जण उज्जैनला गेलो आहोत, शिवाय मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा.

बाबा हौसेने मस्टँगमध्ये बसले. उतरवायला दोघं लागले. म्हणाले, "छान आहे रे, पण हिच्यात बसायचं की निजायचं?"

यंदा आमच्या मुलीला लायसन्स मिळालं. "आजोबांची गाडी घेऊन देवासला जाऊन येते," म्हणाली. आम्ही नको म्हटलं. चारही चाकांना ड्रमब्रेक, एबीएस नाही, एअरबॅग नाही. जाड पत्रा म्हणजे मजबूत गाडी, असं आपण ऐकत आलो. पण नव्या गाडीचं नाक चेपावं म्हणूनच तसं केलेलं असतं; ते चेपतं आणि धक्का तिथेच जिरतो. आमच्या गाडीत तो थेट माणसापर्यंत येतो.

बाबा ऐकत होते. याच गाडीतून त्यांनी आमच्या धाकट्या बहिणीला दवाखान्यातून घरी आणलं होतं. त्या रात्री ते जेवताना बोलले नाहीत. सकाळी किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, "पोरीला एअरबॅगवाली गाडी बघा. ही विकू नका, एवढंच."

तशी गाडी बघतो आहोत. मस्टँग नव्हे, आमच्या पगारात तिचे टायर येतील फार तर. अँबॅसेडरचा कारखाना २०१४ साली थांबला, सुटे भाग शोधावे लागतात, दर पाच वर्षांनी फिटनेस करून कागद नवे करावे लागतात. तेवढं आम्ही करू. हायवेवर मात्र तिला नेणार नाही.

यंदा बाप्पा राजवाड्याजवळून तिच्यातूनच आले. मागच्या सीटवर पाट, शेजारी बाबा, आणि स्टिअरिंगवर मुलगी. वेग ताशी वीस.

मंगलमूर्ती मोरया!