टायमिंग बेल्ट बदलताना

जुन्या मारुती ८०० च्या इंजिनात एका बाजूला झाकणाआड दातेरी रबरी पट्टा असतो. हाच टायमिंग बेल्ट. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक व्हायलाच हवा. हा ताळमेळ तो राखतो. तो तुटला तर गाडी जागीच बंद पडते. काही इंजिनांत तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात, आणि मग खर्चाला धरबंध राहत नाही. म्हणून बेल्ट बदलण्यासाठी गाडीच्या पुस्तिकेत दिलेले किलोमीटर आणि वर्षं, दोन्ही पाळा. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतंच.

हे काम घरी करता येतं, पण घाईत नाही. इंजिन पूर्ण थंड हवं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली मुळीच जाऊ नका.

सगळा जीव खुणांमध्ये आहे. जुना बेल्ट काढण्याआधी क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट या दोन्हींच्या पुलींवरच्या खुणा पुस्तिकेप्रमाणे जुळवा आणि फोटो काढून ठेवा. नवा बेल्ट मुडपू नका, त्याला तेल लागू देऊ नका. बेल्टला ताण देणारा टेन्शनरही नवा घाला. तिथे पैसे वाचवणं मला पटत नाही.

ताण दिल्यावर पान्याने क्रँकशाफ्ट हाताने, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, थांबा. खुणा पुन्हा तंतोतंत जुळल्या तरच झाकण बसवा. एका दात्याचा फरक दिसला, तर बेल्ट काढून पुन्हा बसवा.